त्याला ‘नको’ म्हणू द्या

भेदरलेला कुत्रा घरी आणायचा दिवस ठरला की घरात लगबग सुरू होते. ताम्हणात निरांजन आणि कुंकू, दारात शेजारची मुलं, कुणीतरी मोबाइल आडवा धरून उभं. कुत्रा उंबऱ्याशी चारी पाय रोवून बसतो, शेपूट पोटाखाली जाते आणि सगळे एका सुरात म्हणतात, ‘ये ना राजा, घाबरू नकोस.’ हे औक्षण त्या दिवशी करू नका. हौसच असेल तर दोन-तीन महिन्यांनी वाढदिवस म्हणून करा. आणायच्या दिवशी घरची माणसं सोडून कुणीही नको, आणि ‘आम्ही फक्त पाच मिनिटं बघून जातो’ म्हणणाऱ्यांना तर मुळीच नको.

या मंडळींचं प्रेम खरं असतं, त्याबद्दल वाद नाही. पण मार खाल्लेल्या, सोडून दिलेल्या किंवा पिंजऱ्यात वाढलेल्या कुत्र्याला प्रेमाआधी दुसरी एक गोष्ट लागते: आपण काही केलं तर त्याने काहीतरी बदलतं, हा अनुभव. मान वळवली तर समोरचा हात थांबतो. कोपऱ्यात गेलो तर कुणी मागे येत नाही. नको म्हटलं तर ते ऐकलं जातं. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं, म्हणून ती आधीच सांगून टाकली.

१९६७ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत, आणि आज वाचतानाही अंगावर काटा येतो. काही कुत्र्यांना विजेचे झटके देत, पण डोक्याने एक फळी दाबली की झटका थांबे. दुसऱ्या गटाला झटके तितकेच, मात्र काहीही केलं तरी ते थांबत नसत. नंतर दोन्ही गटांना अशा पेटीत ठेवलं जिथे मधला बुटका अडसर ओलांडला की सुटका होती. पहिल्या गटातले उडी मारून पलीकडे गेले. दुसऱ्या गटातले बरेचसे जागेवर पडून कण्हत राहिले. त्रास दोघांनी सारखाच सोसला होता. तो थांबवणं एकाच गटाच्या हाती होतं. जवळजवळ पन्नास वर्षांनी, २०१६ मध्ये, याच दोघांनी मेंदूवरच्या नव्या संशोधनानंतर आपलं म्हणणं उलटं करून मांडलं: त्रास लांबला की हातपाय गाळणं आपोआपच होतं, शिकावं लागतं ते ‘माझ्या हाती काही आहे’ हे. म्हणून नवा कुत्रा दोन दिवस निपचित पडून राहिला, औषध घालताना, नखं कापताना हूं की चूं केलं नाही, तर ‘किती गुणी आहे’ असं म्हणून खूश होऊ नका. बहुतेक वेळा त्याने आशा सोडलेली असते. तो पहिल्यांदा मान फिरवेल, उठून दुसऱ्या खोलीत जाईल, तो खरा चांगला दिवस.

आणण्याआधी

संस्थेतून कुत्रा बघून आलं की घरोघरी एक कहाणी तयार होते: याला कुणीतरी फार मारलंय. पुरावा काय, तर तो झाडूला घाबरतो. कधी ते खरं असतं. पण पुष्कळ भित्रे कुत्रे असे असतात, ज्यांना कुणी बोटही लावलेलं नाही आणि अडचण नेमकी तीच आहे. पिल्लाच्या आयुष्यात तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बारा-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ जगाशी ओळख करून घेण्याचा असतो. अमेरिकेतल्या बार हार्बर इथल्या प्रयोगशाळेत फ्रीडमन, किंग आणि एलियट यांनी काही पिल्लं उंच कुंपणाच्या मैदानात माणसाच्या सहवासाशिवाय वाढवली. १९६१ साली छापलेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, चौदाव्या आठवड्यापर्यंत माणूस न भेटलेली पिल्लं पुढे रानटी जनावरासारखी बुजरी राहिली. शहराबाहेरच्या एखाद्या शेडमध्ये पिल्लं काढण्यासाठीच ठेवलेल्या लॅब्रेडॉरच्या मादीने पाच वर्षांत जिना, पंखा, आरसा, पाऊस यातलं काहीच पाहिलेलं नसतं. तिला माणसावर ‘पुन्हा’ विश्वास ठेवायचा नाही. ती पहिल्यांदाच ओळख करून घेतेय. हे काम जास्त सावकाश चालतं आणि त्याला मर्यादाही असतात. म्हणून कहाणी रचण्यापेक्षा आज हा कुत्रा नेमका कशाला, किती अंतरावरून, किती वेळ घाबरतो ते लिहून ठेवा. उपयोग त्याचा होईल.

आपल्याकडे घराच्या शोधात असलेले असे कुत्रे ढोबळमानाने तीन वाटांनी येतात. गाडीखाली सापडून किंवा मारहाणीत जखमी होऊन उपचारांसाठी आलेले आणि आता परत रस्त्यावर सोडता न येणारे गावठी; ब्रीडरकडून सोडवलेल्या माद्या; आणि हौस फिटल्यावर सोडून दिलेले जातिवंत. २००३ च्या सुमाराला मोबाइल कंपनीच्या जाहिरातीतला पग घराघरांत पोचला, मग हस्की आले, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात हस्की पाळण्यातला शहाणपणा मला आजवर कुणी समजावून दिलेला नाही. तिघांच्या भीतीची जात वेगळी. घरातून टाकून दिलेल्या कुत्र्याला घर ठाऊक असतं, पण एकटं राहवत नाही. गावठीला रहदारी आणि माणसांची गर्दी कळते; छप्पर, बंद दार आणि गळ्यातला पट्टा कळत नाही. शेडमधल्या मादीला यातलं काहीच नाही.

इथे एक गोष्ट काहींना आवडणार नाही. गल्लीत सुखाने राहणारा, नसबंदी आणि लस झालेला, पानवाल्यापासून शाळेच्या शिपायापर्यंत सगळ्यांशी ओळख असलेला धडधाकट मोठा कुत्रा ‘बिचारा’ म्हणून उचलून दहाव्या मजल्यावर आणू नका. त्याला घर आहे. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांतही नसबंदी-लसीकरण करून कुत्रा त्याच्या मूळ जागीच सोडावा असं आहे. खरी गरज जखमींना, टाकून दिलेल्यांना आणि पिल्लांना असते.

मुंबईत १९८५ पासून काम करणारी ‘वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज’, पुण्यातली ‘रेस्क्यू’ अशा संस्था, शिवाय स्वतःच्या घरी फॉस्टर म्हणून कुत्रे सांभाळणारी अनेक माणसं आहेत. फॉस्टरकडचा कुत्रा मिळत असेल तर तो आधी बघा, कारण घरात तो कसा वागतो हे सांगणारं कुणीतरी असतं. विचारायचे प्रश्न सरळ ठेवा. कुणाला चावलाय का, आणि कुठल्या प्रसंगी? खाताना जवळ गेलेलं चालतं का? इतर कुत्र्यांसोबत कसा असतो? रात्री कुठे झोपतो? रक्त कधी तपासलं? ‘सगळ्यांशी मस्त आहे’ एवढंच उत्तर आलं तर पुन्हा जा, वेगळ्या वेळी जा. तीनदा भेट घ्यायला नको म्हणणाऱ्याकडून कुत्रा घेऊ नये.

वेळही निवडा. गणपतीच्या तोंडावर किंवा दिवाळीच्या आधीच्या महिन्यात भित्रा कुत्रा आणणं म्हणजे त्याला ढोल-ताशे आणि सुतळी बॉम्बच्या स्वाधीन करणं. दिवाळी, तुळशीचं लग्न आणि एकतीस डिसेंबर उलटून गेले की पुढचे काही महिने बरे असतात. मेमधल्या वळिवाच्या गडगडाटापर्यंत त्याला घर जरा कळलेलं असतं.

घर

फरशी हा पहिला शत्रू. मातीवर आणि डांबरावर वाढलेल्या कुत्र्याचे पाय गुळगुळीत टाइल्सवर घसरतात आणि तो एका जागी थिजतो. घरातल्यांना वाटतं, हट्टी आहे. दारापासून त्याच्या कोपऱ्यापर्यंत, तिथून पाण्यापर्यंत जुन्या सतरंज्या, योगाच्या मॅट, गोणपाट, जे असेल ते अंथरा. कोपरा असा की पाठ आणि एक बाजू भिंतीला असेल, वर काहीतरी आडोसा असेल आणि तिथून येणारे-जाणारे दिसतील. टेबलाखालची जागा चालते, पलंगाखालची चालते. तिथे हात घालून त्याला बाहेर काढायचं नाही, घरात आग लागली तरच काढायचं. पिंजरा वापरणार असाल तर त्याचं दार काढून ठेवा.

दुसरा मुद्दा दारांचा, आणि यावर मी जरा हटून बसणार आहे. पहिल्या काही आठवड्यांत जे सर्वांत वाईट होतं ते म्हणजे कुत्रा निसटणं. तो घाबरून पळतो, त्याला स्वतःचं नाव माहीत नसतं, परतीचा रस्ता माहीत नसतो आणि प्रत्येक गल्लीतले कुत्रे त्याला पुढे हाकलतात. घट्ट बसणारा हार्नेस आणि गळ्यात पट्टा, दोन्हींना वेगवेगळ्या दोऱ्या, असंच बाहेर न्या. मागे जोर लावला की साध्या हार्नेसमधून कुत्रा सहज सुटतो, म्हणून कमरेपाशी आणखी एक बंद असलेला घ्या. गळ्यात फोन नंबरचा बिल्ला पहिल्या दिवसापासून. बेल वाजली की आधी कुत्रा आतल्या खोलीत, मगच दार. बाल्कनीच्या गजांत कुत्र्याचं डोकं जात असेल तर जाळी बसवेपर्यंत बाल्कनी बंद. आणि तरीही निसटलाच, तर हाका मारत पाठलाग करू नका. त्याने तो आणखी दूर जातो. जिथून पळाला तिथे त्याचं अंथरूण आणि ओळखीच्या वासाचं खाणं ठेवा, शेजारी खाली बसा, रात्री रहदारी थांबल्यावर आणि पहाटे पुन्हा बसा.

पहिले आठवडे

तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा एक हिशेब सगळीकडे सांगितला जातो: तीन दिवसांत धक्का ओसरतो, तीन आठवड्यांत घराची रीत कळते, तीन महिन्यांत घर आपलं वाटतं. साध्या कुत्र्यांना तो लागू पडतो. खोल घाबरलेल्यांच्या घरात तो फक्त अपराधी वाटायला लावतो. कॅलेंडर बाजूला ठेवा.

या काळात करायचं काम थोडं आणि कंटाळवाणं. उठणं, खाणं, बाहेर जाणं, दिवे मालवणं ठरल्या वेळी. खाणं तेच, जागा तीच, वाढणारा माणूस तोच. भीतीवर सर्वांत स्वस्त औषध हेच, की पुढे काय होणार ते आधी कळावं. कुत्रा ज्या खोलीत आहे तिथे पाठमोरं किंवा कडेने बसा आणि आपलं काम करा. पेपर मोठ्याने वाचा, भाजी निवडा. त्याच्याकडे टक लावून बघू नका. अधूनमधून त्याच्या दिशेने उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा तुकडा सरकवा आणि लगेच थोडं दूर व्हा. तुकडा हातातून घ्यायला लावू नका. पोटाला हवं आणि मनाला नको अशा ओढाताणीत कुत्रा मान लांब करून तुकडा घेतो खरा, पण तुमच्या इतक्या जवळ आल्याचं भान आलं की आणखी बिचकतो.

वाडगा ठेवताना त्याच्यासमोर वाकू नका. रस्त्यावर वाढलेल्या प्रत्येक कुत्र्याला माणूस खाली वाकला म्हणजे दगड उचलतो हे पक्कं ठाऊक असतं. आपण सगळ्यांनी लहानपणी ते खोटं वाकून पाहिलेलं आहे. वाडगा तो नसताना ठेवा, किंवा बसून ठेवा. अशाच काही वस्तू घरातून काही दिवस नजरेआड करा: काठी, लांब दांड्याचा झाडू, हेल्मेट, उघडी छत्री, खांद्यावरची गोणी. रात्रपाळीच्या वॉचमनला आधीच सांगून ठेवा की काठी आपटायची नाही, ‘यु यु’ करायचं नाही.

अंगाला कधी हात लावायचा? तो स्वतः येऊन टेकेल तेव्हा. हात डोक्यावरून नेऊ नका. छातीला किंवा खांद्याला खालून दोन-तीन सेकंद खाजवा आणि थांबा. अजून जवळ सरकला तर पुन्हा. मान फिरवली, ओठ चाटले, अंग झटकलं, तर संपलं, आणि तक्रार नाही. नॉर्वेच्या तुरिड रुगास यांनी अशा बारीक खुणांवर आयुष्यभर काम केलं. झोप आलेली नसताना आलेली जांभई, खाणं समोर नसताना चाटलेलं नाक, डोळ्याच्या कडेला दिसणारी पांढरी कोर, तोंड मिटून अचानक स्तब्ध होणं, या खुणा घरातल्या सगळ्यांना, सहा वर्षांच्या नातवालासुद्धा, ओळखता आल्या पाहिजेत. नातवंडं हे फार पटकन शिकतात. आजोबांना वेळ लागतो.

कोलकात्याच्या ‘आयसर’मधल्या अनिंदिता भद्र यांच्या गटाने रस्त्यावरच्या कुत्र्यांवर बरंच काम केलं आहे. त्यांच्या २०१७ च्या एका अभ्यासात दिसलं की अनोळखी माणसाने पुन्हा पुन्हा खाणं दिल्यापेक्षा कुरवाळल्याने त्या कुत्र्यांचा विश्वास अधिक बसला. हे वाचून कुणी लगेच कुरवाळायला धावू नये. ते कुत्रे मोकळे होते. नको वाटलं असतं तर उठून गेले असते. तुमच्या दिवाणखान्यातल्या कुत्र्याला ती मोकळीक तुम्ही द्यायची आहे.

कुकरची शिट्टी

मराठी घरात भित्र्या कुत्र्याची रोज परीक्षा घेणारा आवाज म्हणजे कुकरची शिट्टी. मिक्सर दुसरा. भीती घालवण्याची रीत समजून घ्यायला हे उदाहरण चांगलं, कारण ते आपल्या हातात आहे. शिट्टी कधी होणार ते आपल्याला कळतं.

पहिल्यांदा स्वयंपाकाच्या वेळी कुत्र्याला घरातल्या सर्वांत लांबच्या खोलीत ठेवा, दार लावून, पंखा चालू. निदान रोजची नवी भीती साचणं तरी थांबेल. मग शिट्टीचा आवाज मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा आणि इतका बारीक वाजवा की कुत्र्याचा फक्त कान हलेल. आवाज झाला की एक क्षण थांबून चिकन. आवाज, मग चिकन. दिवसातून पाच-सात वेळा, तेवढंच. क्रम उलटा होऊ देऊ नका. आधी चिकन आणि मग शिट्टी झाली, तर काही दिवसांत चिकन दिसताच तो पळेल, कारण त्याच्या लेखी ती शिट्टीची वर्दी ठरते. लोक इथेच चुकतात आणि ‘आमच्याकडे उपयोग झाला नाही’ म्हणतात.

आवाज झाल्यावर तो तुमच्याकडे आशेने बघू लागला की आवाज किंचित वाढवा. खाणं नाकारलं की आवाज फार मोठा झाला असं समजा आणि दोन पायऱ्या खाली या. खाणं हेच इथलं मोजमाप. मोबाइलवरचा मोठा आवाज चालू लागला की खरा कुकर, पण बंद दाराआड. मग दार किलकिलं. यात आठवडे जातात. याउलट ‘सवय होईल’ म्हणून त्याला ओट्यापाशी बांधून चार शिट्ट्या ऐकवल्या, तर तो शांत झालेला दिसेल. तशी शांतता वर सेलिगमनच्या प्रयोगात येऊन गेली.

झाडू, मोलकरीण, लिफ्ट, रिक्षा, गॉगल घातलेला माणूस, सगळ्यांना हीच रीत. अंतर आधी ठरवा, वस्तू दिसली की खाणं, वस्तू गेली की खाणं बंद. दिवसाला एकच विषय घ्या. सकाळी डॉक्टर, दुपारी गॅसवाला, संध्याकाळी पाहुणे असं झालं तर भीती साचत जाते आणि रात्री पेला पडण्याच्या आवाजानेही तो चावू शकतो. अशा दिवसानंतर दोन-तीन दिवस काहीही शिकवू नका, झोपू द्या. मोठा कुत्रा तसाही दिवसातले बारा-चौदा तास झोपतो.

एक गैरसमज मात्र काढून टाका. घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतलं तर भीतीला खतपाणी मिळतं, असं सांगणारे अजून भेटतात. भीती ही युक्ती नाही, ती बक्षिसाने वाढत नाही. तो तुमच्याजवळ येऊन चिकटला तर बसा त्याच्यासोबत.

आणि मागे जाणं गृहीत धरा. २३ सप्टेंबर १९२४ ला लेनिनग्राडला मोठा पूर आला आणि इवान पाव्हलॉव्ह यांच्या प्रयोगशाळेतले कुत्रे पिंजऱ्यांतच बुडता बुडता वाचले. काहींचं शिकवलेलं सगळं पुसलं गेलं. बऱ्याच काळाने त्यातला एक पूर्ववत झाला, तेव्हा त्याच्या खोलीत दाराखालून थोडंसं पाणी वाहू दिलं गेलं. तेवढ्याने तो पुन्हा कोसळला. तुमच्याकडेही सहा महिने छान गेल्यावर एखाद्या रेनकोटवाल्यामुळे सगळं पहिल्या पायरीवर येईल. दुसऱ्यांदा चढताना वेळ बहुधा कमी लागतो.

गुरगुरणं

गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला कधीही रागावू नका. गुरगुर म्हणजे चावण्याआधीची सूचना. ती दाबून टाकली तर पुढच्या वेळी सूचनेशिवाय चावा. तो गुरगुरला की जे करत होतात ते थांबवा, दूर व्हा आणि कशावरून गुरगुरला ते टिपून ठेवा. घरची वडीलधारी मंडळी म्हणतील, त्याला डोक्यावर चढवताय. ‘तूच कळपाचा म्होरक्या हो’ असं शिकवणारे, चोक चेन आणि शॉकचा पट्टा घेऊन येणारे ट्रेनरही हेच म्हणतात. म्होरक्याची ती कल्पना बंदिस्त लांडग्यांच्या निरीक्षणातून आली होती. तिचा प्रसार ज्यांच्या पुस्तकातून झाला, त्या डेव्हिड मीच यांनीच १९९९ मध्ये ती चुकीची असल्याचं लिहिलं: रानातला कळप म्हणजे आईबाप आणि पोरं. घाबरलेल्या कुत्र्यावर दहशत बसवणाऱ्या ट्रेनरला पहिल्याच भेटीत चहा पाजून निरोप द्या.

धोका असेल तर जाळीदार मुसक्याची सवय आधीपासून लावा, आत चिकन ठेवून, रोज थोडी. तोंड आवळणारी कापडी पट्टी नको. त्यात धाप टाकता येत नाही, पाणी पिता येत नाही. लहान मूल आणि नवा कुत्रा एका खोलीत मोठ्या माणसाशिवाय सोडायचे नाहीत, याला अपवाद नाही. कामाला येणाऱ्या मावशींना वेगळं बसवून सांगा: त्याच्याकडे बघायचं नाही, बोलायचं नाही, दारातून आल्यावर हा डबा, त्यातला एक तुकडा लांब टाकायचा. काही दिवसांत तो त्यांची वाट बघू लागतो, आणि मावशींनाही त्याचा अभिमान वाटतो.

तरीही चावला आणि कातडी फाटली, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा. हळद नको, चुना नको, तिखट नको. त्याच दिवशी दवाखाना. कुत्र्याला लस दिलेली आहे, एवढ्यावर घरीच निर्णय घेऊ नका.

डॉक्टर

वागणुकीची कुठलीही चर्चा करण्याआधी दुखणं तपासा. मांडीचं जुनं मोडलेलं हाड, किडका दात, कानातला संसर्ग, यामुळे हात लावला की चावणारे कुत्रे ‘रागीट’ म्हणून बदनाम होतात. गोचिडांतून होणारा टिक फीवर आपल्याकडे सर्रास आहे. सुस्त, न खाणारा, कोपऱ्यात पडून राहणारा कुत्रा दुःखी नसून तापाने फणफणलेला असू शकतो. रक्ततपासणी करून घ्या. रस्त्यावरून आलेल्या माद्या आणि नरांना जननेंद्रियावर एक संसर्गजन्य गाठ होते, तिच्यातून रक्त ठिबकतं. बघून घाबरायला होतं, पण ती औषधांना चांगली दाद देते.

भीतीवरही औषधं आहेत. फ्लुऑक्सेटिन रोज द्यायचं आणि परिणामाला काही आठवडे लागतात. ट्रॅझोडोन, गॅबापेन्टिन प्रसंगापुरती. डॉक्टरांशी याविषयी संकोच न करता बोला. खात नाही, झोपत नाही अशा कुत्र्याला चार महिने नुसत्या धीरावर ठेवणं क्रूर आहे. मात्र नुसती गुंगी आणणारी औषधं वेगळी. त्यांनी अंग सैल पडतं आणि भीती आत तशीच राहते, म्हणून कुठलं औषध काय करतं ते विचारून घ्या. घरातल्या डब्यातलं पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन तर अजिबात नको. कांदा-लसूण, मनुका, द्राक्षं आणि चॉकलेटही नको. बक्षीस म्हणून सुकट देण्याचा मोह होतो, पण तिच्यात मीठ फार.

नाही जमलं तर

अमेरिकेतल्या ‘एएसपीसीए’ या प्राणिसंस्थेने खास अशा कुत्र्यांसाठी केंद्र चालवलं आहे. तिथे आलेले अतिभित्रे कुत्रे बहुसंख्येने घरात देण्याइतके सावरले, आणि त्यात धीट कुत्र्यांच्या सोबतीचा मोठा वाटा होता. तुमच्या ओळखीत असा शांत, म्हातारा कुत्रा असेल तर त्याला घेऊन एकत्र फिरायला जा. व्हर्जिनियात मायकेल विक या फुटबॉलपटूच्या ठिकाणावरून २००७ मध्ये सोडवलेल्या झुंजीच्या कुत्र्यांना मारून टाकावं असंच तेव्हा अनेकांचं मत होतं. त्यातले सर्वांत अवघड २२ यूटामधल्या ‘बेस्ट फ्रेंड्स’ अभयारण्यात गेले आणि काही पुढे घरांतही नांदले. पण सगळे नाही. काही कुत्रे आयुष्यभर पाहुणे आले की टेबलाखाली जातील, बाजारात कधीच येणार नाहीत. त्यात त्यांची किंवा तुमची हार नाही. रोज एक शांत फेरी, ओळखीची चार माणसं आणि भरपूर झोप एवढ्यात ते मजेत असतात. कुत्र्याला कॅफेत न्यायची आपली हौस सोडावी लागते, एवढंच.

सोसायटीतून तक्रार आली तर भारतीय प्राणी कल्याण मंडळाचं २०१५ चं परिपत्रक हाताशी ठेवा. बहुमताने ठराव करूनही सोसायटीला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही. मात्र परिपत्रक फडकवण्याआधी महापालिकेचा परवाना काढलेला असावा, लसीचं कार्ड अद्ययावत असावं आणि खिशात विष्ठा उचलायची पिशवी असावी.

आणि खरंच झेपलं नाही, घरात लहान मूल आहे आणि चावे वाढताहेत, तर ज्या संस्थेकडून आणला तिथे परत द्या. सगळं खरं सांगून, लिहून द्या. यात लाजण्यासारखं काही नाही. आणतानाच्या करारात ही अट असल्याची खात्री करून घ्या. ‘निदान मोकळा तरी राहील’ म्हणून रस्त्यावर मात्र सोडू नका. अनोळखी गल्लीतले कुत्रे त्याला फाडतात. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात रस्त्यावरचे कुत्रे दत्तक घेण्याची मुभा दिली, तेव्हाच ते पुन्हा रस्त्यावर येणार नाहीत ही जबाबदारी घेणाऱ्यावर टाकली आहे.

आणि तो घरात राहणार असेल, तर दिवाळीची तयारी सप्टेंबरात करा. औषध लागणार असेल तर आधी एकदा साध्या दिवशी देऊन बघावं लागतं आणि ऐन दिवाळीत डॉक्टरांची वेळ मिळत नाही. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी फेरी दुपारी तीनच्या आत उरका, जेवण लवकर द्या, खिडक्या-पडदे लावून आतल्या खोलीत पंखा आणि टीव्ही चालू ठेवा, हार्नेस घरातही अंगावर राहू द्या आणि त्या रात्री एकाने घरी थांबायचं हे आत्ताच ठरवून टाका. कोण थांबणार यावर वाद झाला, तर ज्याने कुत्रा आणायचा हट्ट धरला होता त्याने.